अर्जदारास लिपी अवगत नाही

बसवकल्याण
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय गुंडप्पा अण्णा,

तुम्हाला शरणु, आणि आमचा नेहमीचा जयभीम. रत्नम्मा अक्कांनाही सांगा.

इकडे आम्ही बरे आहोत. ज्योतीचा डावा गुडघा मात्र तिचं काही ऐकत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच करा म्हणून सांगितलंय, आणि खर्चाचा आकडा ऐकून ती म्हणाली की मग मी बसूनच राहते. प्रेरणाची बदली लातूरच्या शाखेत झाली. बँकेत तिला आता केबिन आहे, पण फोन केला की अजून पहिल्यांदा भाजी काय केली तेच विचारते. यंदा मूग पावसात काळा पडला. तुमच्या चिटगुप्प्याकडे काय हाल आहेत ते कळवा.

मे महिन्यापासून तुमचा फोन वाजतो, पण तुम्ही उचलत नाही. रत्नम्मा अक्का उचलतात आणि तुम्ही झोपलात म्हणून सांगतात. सकाळी दहाला झोपलेले, दुपारी चारला झोपलेले, संध्याकाळी सातलाही झोपलेले. चौतीस वर्षं शिक्षण खात्याच्या ऑफिसात क्लार्क असताना टेबलावर एक डुलकी न घेतलेला माणूस रिटायर झाल्यावर एवढा झोपतो याचं मला कौतुक वाटतं. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र उशाला ठेवलं तरी चालतं, जाग येईल तेव्हा वाचा.

काम आहे, ते सांगतो. प्रकरण तुम्हाला पाठ आहे, पण बसवप्रभूंनी (आपले शिक्षक संघटनेचे) सगळं तारखेवार लिहून द्या म्हणून बजावलंय, तेव्हा पुन्हा एकदा ऐकून घ्या.

आम्ही कर्नाटकातल्या मराठी शाळेचे मास्तर. खात्याची कन्नडची परीक्षा पास झाल्याशिवाय आमचं इन्क्रिमेंट पुढं सरकत नाही. मी त्या परीक्षेत तीनदा नापास झालो, शेवटच्या वेळी चार मार्कांनी. जून २००९ च्या परीक्षेला चौथ्यांदा फॉर्म भरला. ऑगस्टमध्ये माझ्या सर्व्हिस बुकात तुम्ही ‘कन्नड परीक्षा उत्तीर्ण’ अशी नोंद केली आणि अडकलेली इन्क्रिमेंट सुरू झाली. मे २०२४ ला मी रिटायर झालो, पेन्शनचे कागद कलबुर्गीला गेले आणि तिथल्या ऑडिटवाल्यांनी विचारलं, पास झाल्याचं सर्टिफिकेट कुठं आहे? ते सर्व्हिस बुकाला जोडलेलं नाही. म्हणून या मार्चमध्ये ऑर्डर आली की पंधरा वर्षांत चुकून जास्त दिलेले तीन लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपये सरकारला परत करा. तोवर ग्रॅच्युइटी बंद.

मार्चपासून तुम्ही ते सर्टिफिकेट शोधत फिरलात. बिदरला तीन खेपा, मग मेमध्ये बेंगळूरू. अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या खर्चानं. तिथून आल्यावर काय झालं ते तुम्ही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. सापडलं असतं तर तुम्ही रात्रीच फोन केला असता, एवढं मला कळतं.

आता बसवप्रभू म्हणतात, सर्टिफिकेटचा नाद सोडा. चूक नोकराची नसेल आणि त्याला ती माहीत नसेल, तर रिटायर झाल्यावर खालच्या श्रेणीच्या नोकराकडून पैसे वसूल करू नयेत असे कोर्टाचे निकाल आहेत. त्यांनी माफीचा अर्ज टाईप करून आणला. त्यात एक वाक्य असं घातलंय: ‘सेवा पुस्तकातील नोंदी कन्नडमध्ये असून अर्जदारास ती लिपी अवगत नाही.’ मी म्हटलं, हे कशाला? ते म्हणाले, मास्तर, सगळा अर्ज ह्याच खुंटीवर टांगलाय. दरवर्षी त्या पुस्तकावर तुमची सही हाय, ‘पाहिले’ म्हणून. वाचता येत होतं म्हटलं की तुम्हाला माहीत होतं असा अर्थ होतोय.

तसं पाहिलं तर ते वाक्य खोटं म्हणता येत नाही. सरकारच्या दप्तराप्रमाणे मी तीनदा नापासच आहे.

पुढच्या महिन्यात चौकशीला तुम्हाला बोलावतील. दोन गोष्टी विचारतील. नोंद कुणाच्या चुकीनं झाली, आणि मास्तरला कन्नड वाचता येत होतं का. पहिलीचं उत्तर ऑफिसच्या चुकीनं, आणि दुसरीचं नाही, एवढं सांगितलंत की काम होतं. तुम्हाला त्यात काही होणार नाही. रिटायर होऊन आठ वर्षं झालेल्या माणसाला कोण काय करणार आहे? असं बसवप्रभूही म्हणतात.

मला तुमच्याकडं दुसरं काही मागायचं नाही. शक्य झालं तर फोन उचला.

तुमचा
प्रेमानंद मास्तर


बसवकल्याण
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय अण्णा,

शरणु आणि जयभीम.

चौकशी झाल्याचं बसवप्रभूंकडून कळलं. तुम्ही सकाळी पहिल्या बसनं आलात, सही केलीत, चहा न घेता निघून गेलात. मी त्या दिवशी ऑफिसात येणार होतो, पण बसवप्रभू म्हणाले, अर्जदारानं समोर नसलेलं बरं. म्हणून स्टँडवर थांबलो होतो. तुमची बस समोरून गेली. तुम्ही खिडकीत होतात. मी हात केला, तुम्ही चष्मा पुसत होतात, दिसलो नसेन.

स्टेटमेंट चांगलं झालं म्हणतात. तुमचे उपकार मानायला मला शब्द शोधावे लागतील, तुम्हाला ते आवडणार नाहीत, तेव्हा ते राहू दे. ज्योतीनं शेंगाची चटणी केलीय, प्रेरणाच्या ओळखीचा एकजण चिटगुप्प्याला जाणार आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवते. डबा परत करायची घाई नाही.

तुम्ही घरी या एकदा. दसरा झाला की या. पुष्कळ बोलायचंय असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं आहे.

तुमचा
प्रेमानंद


बसवकल्याण
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय गुंडप्पा अण्णा,

शरणु. जयभीम. तब्येत कशी आहे? थंडी वाढली. तुमचा खोकला थंडीत उठतो, तुळशीचा काढा घ्या, आणि अक्का देतील तेव्हा तोंड वाकडं करू नका.

ऑर्डर आली. एकोणतीस नोव्हेंबरला पोस्टानं. ज्योती दारात भाजी निवडत होती, तिनंच सही करून घेतली आणि विचारलं, काय लिवलंय? ऑर्डर कन्नडमध्ये आहे. मी उभ्याउभ्या वाचली. दोन पानं, शेवटी गोल शिक्का. वाचून म्हणालो, माफ झालं. तिनं भाजी तशीच ठेवली आणि लंगडत जाऊन शेजारच्या बायकांना सांगितलं. संध्याकाळी पेढे आले. बसवप्रभू आले, त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला. प्रेरणाला फोन झाला, ती म्हणाली, आता आईच्या गुडघ्याची तारीख घ्या. जानेवारीतली तारीख घेतलीसुद्धा.

त्या दोन पानांतलं मी घरात कुणालाही अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘तत्कालीन लिपिक श्री. गुंडप्पा यांनी समक्ष सांगितले की, अर्जदार शिक्षकास कन्नड वाचता येत नव्हते, त्यामुळे नोंद चुकीची असल्याचे त्यांना समजणे शक्य नव्हते. नोंद आपण स्वतः निकाल न पाहता केली व जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. सबब अर्जदाराकडील वसुली माफ करण्यात येत असून सदर रक्कम तत्कालीन लिपिकाच्या पेन्शनमधून दरमहा आठ हजारप्रमाणे वसूल करावी.’

हे वाक्य मी त्या दिवसापासून किती वेळा वाचलं ते विचारू नका. एक शब्द अडला नाही. ज्याला वाचता येत नाही म्हणून पैसे माफ झाले, तो माणूस माफीची ऑर्डर घडाघडा वाचत होता.

मी तुम्हाला फोन केला. अक्कांनी उचलला. मी म्हटलं, झोपलेत का? तर त्या म्हणाल्या, “झोपल्यात न्हाईत, मास्तर. बाजंवर बसल्यात, हितंच. खोटं बोलून बोलून मी थकले आता.” मग त्या फोन घेऊन बाहेर अंगणात आल्या असाव्यात, कारण कोंबड्या ऐकू येत होत्या. त्यांनी मला सांगितलं ते तुम्हाला कळायला पाहिजे. अक्कांवर रागावू नका, एवढी वर्षं तुमचं ऐकलं त्यांनी.

त्या म्हणाल्या, “बेंगळूरूहून एक कागद आणल्यात. हजेरीचा हाय म्हनले. मला काय वाचता येतंय. आल्या दिवशी जेवले न्हाईत. म्हनले, मास्तर परीक्षेला बसलाच न्हाई, रत्ना. इनक्वायरीला जायलेते तवा मी म्हनलं, त्यो कागद घ्या की संगं. तर म्हनले, त्यो मास्तराचा कागद हाय, माझा न्हाई.”

यावर मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. फोन ठेवला आणि ज्योतीला सांगितलं, जरा फिरून येतो.

म्हणजे तुम्हाला मेपासून माहीत होतं. मी ऑगस्टमध्ये ते शहाणपणाचं पत्र लिहिलं, तेव्हाही माहीत होतं. झोपेवरून तुमची थट्टा केली ते पत्र. तुम्ही ते वाचलंत, माझं सांगितलेलं सगळं चौकशीत जसंच्या तसं बोललात, आणि जबाबदारीचं एक वाक्य स्वतःच्या पदरचं घातलंत.

अण्णा, तुम्हाला माहीत आहे ते काय झालं एवढंच. कसं झालं ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, ज्योतीलाही नव्हतं. ते आता सांगतो.

तुम्हाला आठवतं, दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी केंद्रातल्या शाळांची बिलं घेऊन ऑफिसात यायचो. तुम्ही बिलं बाजूला सारायचात आणि मला शिकवायला बसायचात. सुरुवात स्टँडवर केलीत, बसच्या पाट्यांपासून. मग तुमच्याकडं आलेल्या लग्नपत्रिका, मग पेपर, शेवटी सर्क्युलर. मी अडखळलो की तुम्ही म्हणायचात, “मास्तर, कामून भ्यायलास? अक्षरं हायत ती, चावत न्हाईत.” माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या मनापासून शिकवलं नाही. मी स्वतः एवढी पोरं शिकवली, पण एका पोरामागं पाच वर्षं शनिवार घातले नाहीत. वर अक्कांची भाकरी, तुमच्या एकाच डब्यातून दोघांची. तुमच्या ऑफिसातले काही लोक त्या डब्याकडं कसे बघायचे तेही मी पाहिलंय. तुम्ही त्यांच्याकडं पाठ करून जेवायचात.

परीक्षेच्या दिवशी तुम्ही मला स्वतःचं पेन दिलंत. बिदरच्या त्या कॉलेजच्या फाटकाशी मी वेळेच्या आधी अर्धा तास पोचलो. आत सगळी पंचविशीतली पोरं. मी पंचेचाळीस वर्षांचा. व्हरांड्यात पेपरचे गठ्ठे घेऊन एक तरुण येत होता, त्यानं मला बघितलं, गठ्ठे भिंतीवर ठेवले आणि वाकून पायाला हात लावला. किरणकुमार. माझा चौथीतला विद्यार्थी, तिथं लेक्चरर झालेला. त्या दिवशी तो सुपरवायझर होता. म्हणाला, “सर, तुमी हितं? कुणाचा पेपर हाय का?”

मी म्हणालो, भाच्याचा.

तो म्हणाला, नंबर सांगा, मी वर्ग दाखवतो. मी म्हणालो, सापडला. मग तो आत गेला, घंटा झाली, आणि मी फाटकाबाहेर आलो. स्टँडवर बसून अक्कांची भाकरी खाल्ली. तीन तास बसलो, कारण लवकर परतलो असतो तर तुम्ही विचारलं असतं. आमच्या गल्लीतला मी पहिला मास्तर. लोक पोरांना माझ्याकडं बोट दाखवून शाळेत पाठवायचे. माझ्याच विद्यार्थ्यानं माझ्या हातात प्रश्नपत्रिका द्यायची आणि मी पुन्हा चार मार्कांनी पडायचं, हे मला सोसवलं नाही. कारण एवढंच आहे. ते मोठं करून सांगता येत नाही, मी करून बघितलं.

संध्याकाळी तुम्ही ऑफिसच्या दारातच उभे होतात. म्हणालात, कसा गेला? मी म्हणालो, सोपा होता.

त्या सोप्या शब्दानं सगळं झालं. तुम्ही पेढे आणलेत. दोन महिन्यांनी फरकाचं बिल जायचं होतं, निकाल आला नव्हता, आणि तुम्ही पुन्हा पेढे आणून माझ्यासमोर सर्व्हिस बुक उघडलंत. “तू तर पास झालास म्हनूनच समज. म्याच शिकवलोय की. बिल ह्याच म्हैन्यात जायला पायजे, न्हाईतर वर्षभर अडकतंय. सर्टिफिकेट आलं की जोडू.” कधी एका रुपयाची बेरीज न चुकलेला माणूस निकाल न बघता नोंद करत होता, कारण शिष्यावर त्याचा भरवसा होता. मी समोर बसून होतो. एक शब्द बोललो असतो तर तुम्ही पेन खाली ठेवलं असतं. मी पेढा खात होतो.

मग मी दरवर्षी सही केली. दरवर्षी ते पान यायचं, दरवर्षी मी ती ओळ वाचायचो. कन्नडमध्ये माझ्याबद्दल लिहिलेली ती पहिली ओळ मी नीट वाचली होती आणि ती खोटी होती. सुरुवातीला वाटायचं, पुढच्या जूनमध्ये गुपचूप परीक्षा देऊन टाकू, म्हणजे नोंद खरी होईल. दोन वर्षं फॉर्म आणला, भरला नाही. त्यानंतर वाटायचंही बंद झालं. पगार येत होता, प्रेरणाचं कॉलेज चालू होतं. तुम्ही बदलून गेलात, रिटायर झालात, सर्टिफिकेटाचं कुणाला आठवलं नाही. मलाही आठवत नाही असं मी धरून चाललो.

इथपर्यंतचं एखादा माणूस समजून घेईल. पुढचं अवघड आहे.

मार्चमध्ये ऑडिटचं पत्र आलं तेव्हा तुम्ही मला एकच विचारलंत. “मास्तर, पेपर लिवलास न्हवं?” मी म्हणालो, व्हय. तुम्ही म्हणालात, मग सर्टिफिकेट कुठंतरी असणारच, मी काढतो शोधून. आणि निघालात. जिन्यावर दम लागणारा माणूस, बिदरच्या रेकॉर्ड रूमच्या धुळीत तीन दिवस बसलात. खोकला तिथूनच सुरू झाला. मी रोज फोन करून विचारायचो, सापडलं का? नसलेला कागद सापडला का म्हणून विचारायचो. आणि मेमध्ये तुम्ही बेंगळूरूला निघालात तेव्हा मी हुमनाबादपर्यंत आलो, तुम्हाला गाडीत बसवून दिलं, पाण्याची बाटली आणि केळी दिली, आणि सांभाळून जा म्हणालो. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा होतो. सांगायला दहा मिनिटं होती.

फाटकातून परत आलो त्याची मला लाज वाटते. त्या दहा मिनिटांचं जे वाटतं त्याला लाज हा शब्द पुरत नाही. मी तुम्हाला माझी खोटी गोष्ट खरी करायला पाठवलं आणि वर केळी दिली.

शनिवारी सहा डिसेंबर होता. विहारात नेहमीप्रमाणे पंचशील मीच सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. पहिली तीन झाली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाजच उठेना. मागचे लोक थांबले. कुणीतरी पाणी आणलं. लोकांना वाटलं, दिवसच तसा आहे, मास्तरांना भरून आलं. पुढचं दुसऱ्यानं सांगितलं.

घरी येऊन ज्योतीला सगळं सांगितलं. फाटक, पेढा, गाडी, ऑर्डरीचं उरलेलं अर्धं. ती बराच वेळ गुडघ्यावर तेल चोळत राहिली. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, “पंधरा वर्सं माज्यापास्नंबी लपवलाव.” मग म्हणाली, “अण्णांच्या पेन्शनीतून माजा गुडघा करायचा न्हाई. गुडघा माजा हाय, दुखला तर मी बघते. तुमी उद्या ऑफिस उघडलं की जावा.” उद्या रविवार होता. हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग सोमवारी जावा. रविवारी लिवून काढा.”

रविवारी लिहिला. चार पानं, कन्नडमध्ये, हातानं. बसवप्रभूंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला खोलीत कोंडलं असतं. अर्जात लिहिलं की मी परीक्षेला बसलो नव्हतो, हे मला माहीत होतं, क्लार्कला माहीत नव्हतं. नोंद मी त्याच वर्षी वाचली आणि पुढं दरवर्षी वाचली. माफी मागं घ्या, रक्कम माझ्या ग्रॅच्युइटीतून कापा, आणि गुंडप्पांवरची वसुली थांबवा.

काल सकाळी दिला. आवक-जावकच्या टेबलावर आता श्रीदेवी नावाची मुलगी असते, नवी आहे, तुम्ही ओळखत नाही. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. म्हणाली, “सर, हे कुणाकडनं लिवून घेतलाव?” मी म्हणालो, मीच लिहिलंय. ती म्हणाली, “पण ऑर्डरीत तर…” आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मग तिसऱ्या पानावर दोन चुका होत्या त्या तिनं बोटानं दाखवल्या. मी तिच्याच पेनानं दुरुस्त केल्या. तिनं शिक्का मारला, नंबर घातला आणि पोच दिली. साहेब अजून आले नव्हते. आल्यावर चिडतील, एकदा बंद झालेली फाईल उघडणं कुणाला आवडत नाही. माझी चौकशी होईल, पेन्शनही अडेल कदाचित. होऊ दे. प्रेरणाला आज रात्री सांगणार आहे, तिची मला साहेबापेक्षा जास्त भीती वाटते.

तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही अडवलं असतंत. आता अडवायला काही उरलेलं नाही.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. सरकारनं दिलेली माफी घेऊन बघितली, ती तुमच्या खिशातून आली होती. तुमच्याकडून आणखी काही घ्यायची माझी हिंमत नाही. तुम्ही फोन उचलू नका, बोलू नका, तो तुमचा हक्क आहे. फक्त खोकल्याचं औषध घ्या.

एकच मागतो, आणि ते नाही म्हणू नका. फाईल उघडली की तुम्हाला पुन्हा चौकशीला बोलावतील, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतील, मास्तरला कन्नड वाचता येत होतं का. अण्णा, या वेळी खरं सांगा. सांगा की येत होतं, मीच शिकवलं होतं.

तुमचा विद्यार्थी
प्रेमानंद